रात्रपाळीतील निवांत घटका

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. जगभर तो परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. वसई परिसरातील कोणत्याही धर्मग्रामात जा, दर दोन-चार घरांआड एखादी लेक किंवा सून परिचारिका असल्याचे आढळते. त्यामुळे आमच्याकडेही त्या दिवशीची सकाळची मिस्सा परिचारिकांसाठी अर्पण करण्याचा प्रघात आहे. २०१८ साली या मिस्सेत मी जे प्रवचन केले, त्याची आठवण झाली की आजही मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

प्रवचन वाईट नव्हते. मी ते मेहनतीने तयार केले होते. रात्रपाळीतील शांत वेळ ही देवाने दिलेली देणगी आहे, ती वाया घालवू नका, असा त्याचा सूर होता. जपमाळ करा, शुभवर्तमानातील एक अध्याय वाचा, पुढील अभ्यास करा, आत्मपरीक्षण करा, असे चार उपाय मी बोटे मोजून सांगितले. मागच्या बाकावर पाच-सहा जणी बसल्या होत्या. त्या पहाटेच्या गाडीने मुंबईहून परतून थेट चर्चमध्ये आल्या होत्या. त्यांच्यातील दोघींचे डोळे मिटत होते. ध्यानात मग्न झाल्या असाव्यात, असा मी सोयीस्कर समज करून घेतला.

मिस्सा संपल्यावर मी सॅक्रिस्टीत झगा उतरवत असताना त्यांच्यापैकी एक जण आत आली. वय पंचेचाळिशीचे, वीस-बावीस वर्षांची नोकरी. नम्रपणे म्हणाली, “फादर, प्रवचन छान झालं. पण एक विचारू का? वॉर्डात रात्रभर कधी बसलात तुम्ही?”

मी म्हणालो, “रुग्णाभ्यंगासाठी कितीतरी वेळा रात्री-अपरात्री गेलोय, सिस्टर.”

“ते येणं झालं, फादर. बसणं वेगळं,” ती म्हणाली आणि हसून निघून गेली. मीही हसलो, आणि तो प्रश्न विसरून गेलो.

तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या भर पावसात, माझी ब्याऐंशी वर्षांची आई ओल्या ओट्यावरून घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. तिला रुग्णालयात दाखल केले, शस्त्रक्रिया झाली. दिवसा भावजय व बहीण तिच्याजवळ बसत, भाऊ कामावरून संध्याकाळी येऊन जाई. रात्रीची जबाबदारी मी आपणहून घेतली. खरे सांगायचे तर त्यात माझा थोडा स्वार्थही होता. धर्मग्रामाच्या धावपळीत वाचन मागे पडले होते. रात्री आई झोपेल आणि मला निवांत आठ तास मिळतील, असा माझा हिशेब होता. पहिल्या रात्री मी पिशवीत प्रहरप्रार्थनेचे पुस्तक, दोन जाड ग्रंथ आणि प्रवचनांची वही घेऊन गेलो. मी दिलेला उपदेश मी स्वतःच आचरणात आणणार होतो.

आईची खोली परिचारिकांच्या टेबलासमोर होती. दार अर्धे उघडे असे. त्यामुळे अस्थिरोग विभागाच्या त्या मजल्यावरील रात्र मला आरंभापासून अखेरपर्यंत पाहता आली. रात्री आठला दिवसपाळीची परिचारिका ‘ओव्हर’ देऊन जाई: कोणाला कोणते औषध, कोणाचे सलाईन किती उरले, कोणाला सकाळी उपाशी ठेवायचे. मग औषधांची फेरी, ताप-नाडी-श्वासाच्या नोंदी, इंजेक्शने. दहाच्या सुमारास दिवे मंद होत. ज्यांना कूस बदलता येत नाही अशांना दर दोन तासांनी वळवावे लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. बारापर्यंत कोणाला श्वास घेण्यास उसंत नसे. पहाटे पाचपासून पुन्हा रक्ताचे नमुने, साखरेची तपासणी, स्पंजिंग, चादरी, अहवाल. मी ज्या ‘शांत वेळे’वर प्रवचन दिले होते तो एक ते चारच्या दरम्यान कुठेतरी येई. तोही सलग नसे. वीस मिनिटे येथे, अर्धा तास तेथे, आणि मधूनच घंटा.

दुसरी गोष्ट मला माझ्याच देहाने शिकवली. पहाटे तीननंतर पुस्तकातील ओळी एकमेकींत मिसळू लागत, एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नसे. ही केवळ सवयीची बाब नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास माणसाच्या शरीराचे तापमान सर्वांत खाली येते आणि सावधपणाही त्याच वेळी ओसरतो. देहातील या घड्याळाचे पेशींतील कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण शुभवर्तमानाच्या काळातील लोकही हा प्रहर ओळखून होते. रोमन पद्धतीप्रमाणे रात्रीचे चार प्रहर मानले जात; संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात त्या चारही प्रहरांचा उल्लेख आहे. वादळात सापडलेल्या शिष्यांकडे प्रभू पाण्यावरून चालत आला तो चौथ्या प्रहरी, असे संत मत्तय सांगतो. म्हणजे शिष्य रात्रभर वल्ही मारून थकल्यावर. सेमिनरीत या उताऱ्यावर मी निबंध लिहिला होता. त्यातील ‘चौथा प्रहर’ या शब्दांचा भार मला पन्नाशी उलटल्यावर, एका लोखंडी खुर्चीत कळला.

त्या मजल्यावर रात्री दोघी जणी असत. एक थोरली, निवृत्तीला आलेली. दुसरी तेवीस-चोवीस वर्षांची, संगमनेरजवळच्या एका खेड्यातून आलेली. निवांत घटका दोघी कशा घालवतात हे मी कुतूहलाने पाहत असे.

थोरली आधी मजल्यावरून एक फेरी मारी. दिवा न लावता, हातातील छोटी बॅटरी जमिनीकडे वळवून ती प्रत्येक दारात क्षणभर थांबे. मग तातडीच्या औषधांची ट्रॉली तपासे: औषधांच्या मुदतीच्या तारखा, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब, सक्शनचे यंत्र चालते की नाही. हे सर्व झाल्यावरच ती बसे. एकदा मी तिला चहा नेऊन दिला तेव्हा ती सांगू लागली, “आमच्या वेळी फादर, रात्री हात रिकामा नसायचा. गॉज कापायचे, कापसाचे बोळे वळायचे, ड्रम भरून निर्जंतुक करायला पाठवायचे. हात चालू आणि कान मोकळे. आता सगळं पाकिटात तयार येतं. हात रिकामे झाले आणि त्या रिकाम्या हातात मोबाईल आला. मोबाईल हात धरतो, डोळे धरतो आणि कानही धरतो.”

शेजारच्या खोलीत एक वृद्ध बागायतदार होते. त्यांना झोप येत नसे. ते दर तासाला घंटा वाजवून किती वाजले ते विचारीत. धाकटी दोन-तीनदा वेळ सांगून आली. चौथ्या खेपेला थोरली स्वतः गेली, स्टूल ओढून बसली आणि त्यांच्या वाडीची चौकशी करू लागली. केळी किती, पानवेल अजून आहे का, मोगऱ्याला यंदा भाव काय मिळाला. भिंतीपलीकडून मला त्यांचे शब्द ऐकू येत होते. पंधरा-वीस मिनिटांत आजोबांचा आवाज जड होत गेला आणि थांबला. त्या रात्री घंटा पुन्हा वाजली नाही. त्याच वीस मिनिटांत मी एका ग्रंथाची सात पाने वाचली होती. वेळेचा अधिक चांगला उपयोग कोणी केला, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

धाकटी मात्र वेळ मिळताच नोंदवहीखाली दडवलेली एक लहान वही काढी आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे. ती प्रार्थना करीत असावी असे मला वाटले. चौथ्या रात्री विचारले तेव्हा लाजून म्हणाली, “जर्मन शिकतेय, फादर. परीक्षा आहे.” मराठीप्रमाणेच जर्मन भाषेतही तीन लिंगे आहेत आणि प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करावे लागते. तिने एका पानावर दहाच शब्द लिहिलेले असत. मी विचारले, “दहाच का?” ती म्हणाली, “दहा शब्द कुठेही सोडता येतात. धडा सोडवत नाही.”

पाचव्या रात्री जे घडले ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

पहाटेचे साडेतीन झाले असावेत. रविवारचे प्रवचन जुळत नव्हते, म्हणून मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. आई चुळबूळ करू लागली. चादर चाचपू लागली आणि माझ्या वडिलांना हाक मारू लागली. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. तिला स्वप्न पडत असावे असे समजून मी म्हणालो, “झोप, आई.” क्षणभर ती गप्प झाली. मी पुन्हा वहीत डोके घातले. तिने पुन्हा हाक मारली. मी वर न पाहताच पुन्हा म्हणालो, “झोप, आई.”

इतक्यात धाकटी आत आली. घंटा कोणी वाजवली नव्हती. तिने दिवा लावला, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारले, “आजी, तुमचं नाव काय? आपण कुठे आहोत?” आईला सांगता येईना. तिच्या ओठांचा रंग बदललेला मला दिव्याच्या उजेडात प्रथमच दिसला. सिस्टरने बोटाला यंत्र लावले. ऑक्सिजनचे प्रमाण चौऱ्याऐंशीवर आले होते. पुढील पाच मिनिटांत ऑक्सिजन सुरू झाला, थोरली ट्रॉली घेऊन आली, डॉक्टर आले, आणि आईला अतिदक्षता विभागात हलवले. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती, हे नंतरच्या तपासणीत निश्चित झाले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका असतो. आणखी तासभर कोणाच्या लक्षात आले नसते, तर काय झाले असते ते डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले.

मी आईपासून दोन हातांवर होतो. ती मुलगी वीस पावलांवर होती. मी प्रभूच्या वचनावर चिंतन करीत होतो आणि ती परक्या भाषेतील शब्द पाठ करीत होती. तरी हाक तिला ऐकू आली, मला नाही.

सकाळी तिची पाळी संपताना मी तिला गाठले आणि विचारले, “तुला कसं कळलं?” ती म्हणाली, “आजी रोज एका लयीत घोरतात. ते घोरणं थांबलं होतं. आणि तुम्ही ‘झोप, आई’ दोनदा म्हणालात. एकदा म्हणाला असतात तर कदाचित उठले नसते.” मग जरा थांबून, खाली पाहत ती म्हणाली, “फादर, मी ड्यूटीवर अभ्यास करते हे इन्चार्ज सिस्टरना सांगू नका. पगार घेऊन स्वतःचा अभ्यास करणं ही चोरी आहे का हो?”

त्या मुलीने माझ्या आईचे प्राण वाचवले होते आणि तीच माझ्यापुढे अपराध्यासारखी उभी होती. जिने अभ्यास केला तिला पापाची शंका. ज्याने आईकडे पाठ फिरवली त्याने मात्र तीच वेळ देवाला दिल्याच्या समाधानात घालवली होती. मी तिला एवढेच म्हणालो, “बाळ, चोरी तू केली नाहीस. उलट मीच तुझा देणेकरी आहे. पण लपवू नकोस. इन्चार्ज सिस्टरना विचार. लपवलेल्या वहीला एक कान द्यावा लागतो.” तिने पुढे खरोखरच विचारले. सर्व कामे उरकल्यावर, टेबलावर उघडपणे, कानात काही न घालता वाचायला हरकत नाही, असे तिला उत्तर मिळाले.

आई अतिदक्षता विभागात असताना माझ्या विचारांना अनेक वाटा फुटल्या. सेमिनरीत शिकलेल्या काही गोष्टी नव्या अर्थाने आठवल्या. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या आठव्या प्रकरणात रात्रीच्या प्रार्थनेविषयी सूचना आहेत. ती प्रार्थना आटोपल्यावर पहाटेपर्यंत जो वेळ उरेल, तो ज्यांना स्तोत्रे व पाठ शिकायचे बाकी असेल त्यांनी अभ्यासात घालवावा, असे तो सांगतो. म्हणजे कर्तव्य पुरे झाल्यावर रात्रीच्या उरलेल्या वेळात अभ्यास करण्याला आपल्या परंपरेत दीड हजार वर्षांचा आधार आहे. पण त्याच नियमावलीच्या छत्तिसाव्या प्रकरणात, आजाऱ्यांची काळजी सर्वांच्या आधी आणि सर्वांच्या वर आली पाहिजे, असेही तो बजावतो. धाकट्या सिस्टरने ही नियमावली वाचली नव्हती, पण ती दोन्ही प्रकरणे पाळत होती. मी दोन्ही वाचली होती.

सतराव्या शतकातील संत व्हिन्सेंट द पॉलने आपल्या धर्मभगिनींना हेच वेगळ्या रीतीने शिकवले. प्रार्थना चालू असताना गरिबाच्या सेवेचे बोलावणे आले तर निःशंकपणे उठून जा, कारण ते देवासाठी देवाला सोडून जाणे होय, अशी त्यांची शिकवण होती. परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिल्लस (१५५०–१६१४) तरुणपणी सैनिक आणि जुगारी होते. पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे त्यांना रोमच्या रुग्णालयात राहावे लागले. तेथील पगारी सेवकांची बेपर्वाई पाहून त्यांनी आजाऱ्यांच्या सेवेला वाहिलेला संघ स्थापन केला. एकुलत्या एका आजारी मुलाची आई जशी काळजी घेते तशी रुग्णाची घ्यावी, हा त्यांचा दंडक होता. आणि आजारी मुलाजवळ बसलेली आई शिवणकाम करीत असली तरी तिचा कान कुठे असतो, हे आपण सर्व जाणतो.

नाइटिंगेलबाईंचेही तसेच. १८५४ च्या नोव्हेंबरात त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांच्यापैकी दहा जणी कॅथलिक धर्मभगिनी होत्या, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्यांच्या हातातील दिवा चित्रांमुळे प्रसिद्ध झाला, परंतु तो दिवा प्रत्यक्षात कागदी घडीचा तुर्की कंदील होता. रात्रीची फेरी संपल्यावर त्या झोपत नसत, नोंदी करीत आणि सैनिकांच्या घरच्यांना पत्रे लिहीत. पुढे १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिताना त्यांनी आवाज या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. खोलीबाहेरची कुजबूज आजाऱ्याला किती पीडा देते, हे त्यांनी त्यात बारकाईने मांडले आहे. ज्यांनी रात्री ऐकत घालवल्या, त्यांनाच असे प्रकरण लिहिता येते.

वाचकहो, आता थोडे आपल्या घरांविषयी. त्या नऊ रात्रींनंतर मी धर्मग्रामात एक गोष्ट मुद्दाम पाहू लागलो. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी नऊला घरी पोहोचते, आणि तिची वाट कोण पाहत असते? स्वयंपाक, पाहुणे, मुलांचे डबे आणि फादरांची बैठक. दुपारी अकराला ती झोपली की शेजारी म्हणतात, “दिवसाढवळ्या झोपते!” सकाळच्या मिस्सेला ती आली नाही तर आपण तिच्या श्रद्धेविषयी शंका घेतो. ज्या बाईची दिवसाची झोप आपण हिरावून घेतो, तिच्याकडून चौथ्या प्रहरी सावधपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिची झोप ही त्या अनोळखी रुग्णाची ठेव आहे. खिडकीला जाड पडदा लावणे, दारावरची घंटा बंद ठेवणे, पोरांना अंगणात नेणे हीसुद्धा आजाऱ्यांची सेवाच होय. मी माझ्यापुरता एक बदल केला. परिचारिकांच्या बैठका सकाळी घेणे बंद केले.

आई तेराव्या दिवशी घरी आली. पुढे वॉकर घेऊन ती अंगणापर्यंत चालू लागली. आणखी चौदा महिने ती आमच्यात होती. २०१९ च्या ऑक्टोबरात, एका रात्री घरीच, तिने प्राण सोडला. त्या रात्री माझ्या मांडीवर वही नव्हती. तो चौदा महिन्यांचा काळ आम्हाला कोणी दिला, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

२०१९ च्या १२ मे रोजी मी मिस्सेत फक्त पाच मिनिटे बोललो. आदल्या वर्षीच्या माझ्या चार उपायांपैकी एकही खोटा नव्हता, पण क्रम चुकला होता, असे मी सर्वांसमोर कबूल केले. आधी रुग्ण, मग उद्याची तयारी, मग परवानगी असेल तेथे पाळीपाळीने थोडी विश्रांती, आणि त्यानंतर अभ्यास वा प्रार्थना. आणि तीही अशी की हाक येताच अर्ध्या शब्दावर सोडता यावी. पूर्ण जपमाळेचा आग्रह धरू नका, दहा मणी पुरेत. तेही तुटले तर पवित्र मरिया स्वतःच आई आहे, तिला समजेल. मिस्सेनंतरच्या चहापानाच्या वेळी मी सॅक्रिस्टीत आलेल्या त्या सिस्टरना बोलायला उभे केले. त्या तीनच मिनिटे बोलल्या, आणि त्या दिवशी मागच्या बाकावरच्याही जाग्या होत्या.

पुढच्याच वर्षी महामारी आली. तेव्हा नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. कितीतरी आया-बापांची शेवटची हाक आपल्याऐवजी एखाद्या रात्रपाळीच्या परिचारिकेने ऐकली. ती काय करीत बसली होती, हा हिशेब कोणी मागू नये. ती उठली, हे पुरेसे आहे.

संगमनेरकडची ती मुलगी पहिल्या खेपेस परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या खेपेस पास झाली. आता ती जर्मनीत आहे. नाताळला तिचा निरोप येतो. तिकडे डिसेंबरात रात्र फार लांब असते, असे तिने गेल्या खेपेस लिहिले होते. माझी झोप आता वयामुळे कमी झाली आहे. पहाटे तीनला जाग आली की मी दिवा लावत नाही. आज या वेळी ज्या कोणी जाग्या आहेत त्यांच्यासाठी दहा मणी म्हणतो, आणि म्हणता म्हणता घरातला आवाज ऐकत राहतो.